स्वस्तातला पहिला डीएसएलआर: बॉडी सगळ्यात शेवटी निवडा

"दादा, पंचवीस हजारात कुठला कॅमेरा घेऊ?"
"फोटो कशाचे काढणार?"
"सगळ्याचेच की!"

महिन्यातून दोनदा तरी हे बोलणं होतं. विचारणाऱ्याच्या मनात एक मॉडेल आधीच पक्कं झालेलं असतं, त्याला माझ्याकडून फक्त 'घे' ऐकायचं असतं. चार महिन्यांनी पुन्हा फोन येतो. घरातले फोटो काळे येतात, बाहेरचा फ्लॅश पेटत नाही, आमच्या कोल्हापुरातल्या कळंब्याच्या तलावावरचा पक्षी मुंगीएवढा दिसतो. तक्रारी वेगवेगळ्या, पण मूळ एकच: खरेदीचा क्रम उलटा झालेला असतो. आधी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, घेतली, तिच्यासोबत आली ती लेन्स पदरात पडली आणि काय टिपायचं याचा विचार सगळ्यात शेवटी झाला.

कंपन्या आता मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळल्या आहेत. नवशिक्यांसाठीचे नवे डीएसएलआर (आत आरसा असलेले, लेन्स बदलता येणारे कॅमेरे) येणं जवळपास थांबलंय आणि जुन्यांचे भाव उतरलेत. खिसा हलका असेल तर ही चांगली वेळ आहे. फक्त माल बहुतेक सेकंडहँड असणार, त्यामुळं पारखून घ्यायची जबाबदारी तुमची.

१. आधी मोबाईलची गॅलरी उघडा

'मला काय आवडतं' असं स्वतःला विचारलं की उत्तर हमखास चुकतं. पन्हाळ्याचा पाऊस आणि रंकाळ्याचा सूर्यास्त सगळ्यांनाच आवडतो. त्यापेक्षा मोबाईलमधले शेवटचे दोनशे फोटो उघडा, स्क्रीनशॉट सोडून द्या आणि बाकीचे मोजा. घरातली माणसं किती, देखावे किती, लांबच्या वस्तू किती? जो आकडा मोठा, ते तुमचं खरं काम. कागदावर लिहून ठेवा:

- दिवसाउजेडी देखावे, गड, मसाई पठार, रस्त्यावरची गर्दी: कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स पुरते.
- घरातलं बाळ, बारसं, दिव्यांचा उजेड, संध्याकाळी खासबागेतली कुस्ती: इथं किट लेन्स हरते. एफ १.८ ची लेन्स हवी (एफचा आकडा जेवढा लहान, तेवढा उजेड जास्त).
- विद्यापीठाच्या आवारातले मोर, तलावावरचे पक्षी: निदान २५० मिलिमीटरपर्यंत जाणारी झूम हवी.
- रील आणि व्हिडिओ: तुमचा मोबाईल चांगला असेल तर कॅमेरा घेऊच नका. त्या पैशात माईक आणि दिवा घ्या.

शेवटचं ऐकून बरेच जण नाराज होतात, पण मी मत बदललेलं नाही.

> तपासा: कागदावर दोनच कामं उरली पाहिजेत, एक मुख्य आणि एक दुय्यम. तीन उरली असतील तर पुन्हा मोजा.

२. पैशाचे भाग आधीच पाडा

तीस हजार आहेत असं धरू. किट लेन्ससकट बॉडीला अठरा-वीस हजारांच्या वर जायचं नाही. सात-आठ हजार दुसऱ्या लेन्ससाठी राखायचे. उरलेल्यात मेमरी कार्ड, जादा बॅटरी, ब्लोअर (हवा मारून धूळ उडवायचा), पिशवी आणि पावसाळ्यासाठी हवाबंद डबा बसवायचा. बजेट पंधराचंच असेल तर दुसरी लेन्स सहा महिने पुढं ढकला, पण बॉडीवर सगळे पंधरा घालवू नका.

कार्ड नावाजलेल्या कंपनीचं, ३२ किंवा ६४ जीबीचं साधं यूएचएस-१ (कार्डाच्या वेगाचा प्रकार) घ्या. या बॉडींना महागड्या यूएचएस-२ कार्डाचा काही फायदा होत नाही.

> सावध: 'कॉम्बो ऑफर'मधली बोटभर उंचीची तिपाई, रंगीत फिल्टर आणि लेन्सवर फिरवून बसवायची 'वाईड' काच यांना शून्य किंमत धरा. ती काच चांगल्या लेन्सचीही माती करते.

३. आता लेन्स, आणि तिच्यामागून कंपनी

घरातल्या फोटोंसाठी सगळे ५० मिलिमीटरची एफ १.८ सुचवतात. लेन्स स्वस्त आणि उत्तम आहे, पण एक गोष्ट कुणी सांगत नाही. या कॅमेऱ्यांचा सेन्सर (आत फोटो टिपणारा भाग) लहान असतो, म्हणून कॅननवर लेन्सचा आकडा १.६ नं आणि निकॉनवर १.५ नं गुणायचा. ५० ची लेन्स कॅननवर ८० सारखी वागते. दहा बाय बाराच्या खोलीत बाळ आणि त्याची आजी दोघांना पूर्ण बसवायचं म्हटलं तर पाठ भिंतीला टेकते, तरी आजीचे पाय कापले जातात. नुसते चेहरे हवे असतील तर ५० घ्या. खोलीत माणसं बसवायची असतील तर निकॉनमध्ये ३५ ची एफ १.८ जी डीएक्स आणि कॅननमध्ये २४ ची एफ २.८ एसटीएम जास्त कामाच्या. कॅननची ही २४ एफ १.८ एवढा उजेड घेत नाही, पण किट लेन्सपेक्षा बरीच पुढं आहे.

पक्ष्यांसाठी कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम किंवा निकॉनची एएफ-पी ७०-३००. दाजीपूरच्या दाट झाडीत गवा टिपायची स्वप्नं मात्र या लेन्सवर बघू नका. तिथं उजेड कमी आणि या लेन्सचं अपर्चर, म्हणजे उजेड आत यायचं भोक, लहान.

लेन्स ठरली की कंपनी बहुतेक आपोआप ठरते. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: भावाकडं, मित्राकडं किंवा गल्लीतल्या फोटोग्राफरकडं कुठली कंपनी आहे ते बघा. उसनी लेन्स मिळणं हा नवशिक्याचा सगळ्यात मोठा फायदा.

> सावध, निकॉनवाले: डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत (डी३३००, डी३५००, डी५३००, डी५६०० वगैरे) फोकसची मोटर नसते. जुनी 'एएफ-डी' लेन्स लावली की फोकस हातानं फिरवत बसावं लागतं. 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' लिहिलेलीच घ्या. आणि 'एएफ-पी' लेन्स डी३१००, डी५१००, डी७००० अशा जुन्या बॉडीवर फोकसच करत नाही. लेन्सवरचं नाव अक्षर न् अक्षर वाचा.

कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्समध्ये मोटर लेन्समध्येच असते, त्यामुळं हा घोळ होत नाही. उलटा घोळ पुढं कधीतरी होतो: ईएफ-एस लेन्स फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) बॉडीवर बसत नाही.

४. बॉडी

मेगापिक्सेल विसरा. अठरा असोत की चोवीस, भिंतीवर लावायच्या फोटोला दोन्ही पुरतात. तुमच्या कागदावरच्या कामाला काय अडेल, तेवढंच बघायचं.

कॅननची १३००डी साधी आणि कामाची आहे. १८ मेगापिक्सेल, ९ फोकस पॉइंट. १५००डी मध्ये २४ मेगापिक्सेल आहेत, पण माईकची खाच नाही. ३०००डी मी कुणालाच सांगत नाही: लेन्स बसते ते कडंच प्लॅस्टिकचं, स्क्रीन लहान आणि चष्म्याच्या नंबरप्रमाणं व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) जुळवायची सोयही नाही. ७००डी जुनी असली तरी तिला फिरणारी टचस्क्रीन आणि माईकची खाच दोन्ही आहेत. कॅननमध्ये माझी पहिली पसंती २००डी. हलकी आहे, स्क्रीनवर बघून फोटो काढतानाही तिचा फोकस झटकन बसतो.

निकॉनमध्ये डी३५०० ची बॅटरी खूप चालते आणि फोटो छान येतात, पण माईकची खाच नाही. डी३४०० लाही नाही, त्याआधीच्या डी३३०० ला आहे. दोन-तीन हजार जास्त पडले तरी मी डी५३०० घेईन: ३९ फोकस पॉइंट, फिरणारी स्क्रीन, माईकची खाच. डी७१०० जड आहे, पण तिच्यात मोटर आहे, म्हणजे स्वस्तातल्या जुन्या एएफ-डी लेन्सही तिच्यावर चालतात.

> सावध, कॅननवाले: १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ यांच्या हॉटशूमध्ये (वर बाहेरचा फ्लॅश बसवायची खाच) मधली पिन नाही. साधा स्वस्त फ्लॅश किंवा ट्रिगर (फ्लॅश दुरून पेटवायचं यंत्र) यांवर चालतच नाही, कॅननच्या पद्धतीनं बोलणारा फ्लॅश लागतो. लग्नाच्या कामाला हाताखाली जायचा विचार असेल तर हे आधी बघा. १३००डी आणि साध्या २००डी ला पिन आहे.

दोन बॉडींमध्ये मन अडकलं असेल तर दोन्ही हातात घेऊन दहा मिनिटं उभे राहा. करंगळी खाली लोंबकळते का? चष्मा लावून व्ह्यूफाइंडरचे चारही कोपरे दिसतात का? याचं उत्तर युट्यूबवर मिळत नाही.

५. कुणाकडून घ्यायचा

दुकानातून नवा घेणार असाल तर जीएसटीचं पक्कं बिल आणि भारतातलं वॉरंटी कार्ड, दोन्ही हातात पडल्याशिवाय पैसे सोडू नका. 'बिलाशिवाय दोन हजार कमी' म्हणणाऱ्याकडं बहुतेक बाहेरून आणलेला माल असतो. तो बिघडला की सर्व्हिस सेंटर वॉरंटीत हात लावत नाही.

सेकंडहँडमध्ये हौसेनं घेऊन कपाटात पडलेला कॅमेरा आणि लग्नाच्या हंगामात रोज राबलेला कॅमेरा असे दोन प्रकार येतात. राबलेला ओळखायला सोपा: हॉटशूचा रंग खरवडलेला, पकडीचं रबर सैल, शटरचं बटण चकाकणारं. कपाटातला दिसायला नवरीसारखा, पण त्याच्या लेन्समध्ये फंगस (बुरशी) असायची शक्यता जास्त. मी दोन्ही प्रकारचे घेतलेत, दोन्ही चांगले निघालेत.

तिसरा प्रकार आपल्याकडचा खास, आणि त्याला हात लावायचा नाही: पुरात भिजलेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहरातल्या घरादुकानांत शिरलं. भिजलेलं सामान वाळवून, पुसून विकलं जातं. बॅटरीचं दार उघडा. आतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवट पूड, खालच्या स्क्रूंच्या खाचेत गंज किंवा स्क्रीनच्या कडेला आतून डाग दिसला की 'कळवतो' म्हणा आणि निघा.

६. अर्ध्या तासाची तपासणी

सोबत न्यायचं: स्वतःचं रिकामं कार्ड, टॉर्च चालणारा मोबाईल, मोबाईलला लागणारा कार्ड रीडर, एक वर्तमानपत्र. वेळ दुपारची, जागा विकणाऱ्याचं घर किंवा दुकान. रंकाळा चौपाटीवर संध्याकाळी सातला भेळ खाता खाता कॅमेरा तपासता येत नाही.

पुढचा क्रम मोडू नका. ज्या दोषावर लगेच उठून यायचं, ते आधी घेतलेत.

पहिलं: लेन्सच्या आतलं. लेन्स काढा. मागच्या बाजूनं मोबाईलचा टॉर्च आत मारा आणि पुढून तिरकं बघा. कॅननची लेन्स सुटी असताना तिचं अपर्चर उघडंच असतं. निकॉनच्या नावात 'जी' अक्षर असलेल्या लेन्सचं मिटलेलं असतं, मागं कडेला एक बारीक दांडी आहे ती बोटानं सरकवून धरा म्हणजे उघडेल. धुळीचे चार-दोन कण दिसतीलच, त्यानं काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले पांढरे धागे दिसले तर तो फंगस.

मी एकदा झूम लेन्स दुकानातल्या ट्यूबलाईटखाली बघून घेतली. काच लख्ख होती. त्याच रात्री घरातली लाईट गेली, टेबलावर मोबाईलचा टॉर्च लावून ठेवला आणि लेन्स हातात फिरवताना तिच्यातून उजेड आरपार आला. आत दूर्वांसारखं जाळं पसरलेलं. दुकानदारानं 'नेताना तुम्हीच बघितलं होतं' म्हणून हात वर केले. त्याचंही चुकलं नव्हतं.

दुसरं: शटर, म्हणजे सेन्सरपुढचा उघडमिट करणारा पडदा. भिंतीकडं कॅमेरा धरून १/४००० सेकंदावर आठ-दहा फोटो काढा. एका कडेला काळा पट्टा आला, किंवा फोटो कमीजास्त उजळ आले, तर शटर थकलंय. मग शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले तो आकडा. निकॉनच्या जेपीईजी फोटोतच तो नोंदलेला असतो: एक फोटो काढून कार्ड रीडरनं मोबाईलवर घ्या आणि एक्झिफ (फोटोसोबत नोंदलेली माहिती) दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये उघडा. कॅननच्या या बॉडींमध्ये फोटोत हा आकडा नसतो. कॅमेरा लॅपटॉपला जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरनं बघावा लागतो, तेही सगळ्या मॉडेलना जमत नाही. निकॉनच्या या वर्गातल्या शटरचं आयुष्य एक लाख क्लिकचं धरतात, डी७१०० चं दीड लाख. चाळीस हजारांच्या आत असेल तर निश्चिंत घ्या. सत्तरच्या पुढं असेल तर भाव पाडा.

> सावध: फाईलच्या नावातला आकडा म्हणजे शटर काउंट नव्हे. तो ९९९९ नंतर पुन्हा सुरू होतो आणि केव्हाही बदलता येतो. घरबसल्या निकॉनचा फोटो मागवणार असाल तर व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, साध्या फोटोतून ही माहिती गळून जाते.

तिसरं: फोकस. वर्तमानपत्र टेबलावर सपाट पसरा, कॅमेरा तिरका धरा आणि लेन्सचं अपर्चर पूर्ण उघडं ठेवून मधल्या एका शब्दावर फोकस करा. आधी व्ह्यूफाइंडरमधून, मग स्क्रीनवर बघून. स्क्रीनवरचा फोटो धारदार आणि व्ह्यूफाइंडरमधून घेतलेला मऊ, असा फरक दर वेळी येत असेल तर आतली जुळणी बिघडलीय. स्वस्तातल्या बॉडीत ती मेनूतून दुरुस्त करायची सोय नसते. एकदा असं झालं तर तुमचा हात हलला असेल, तीनदा करून बघा.

चौथं: सेन्सर. अपर्चर एफ १६ वर, फोकस मॅन्युअलवर, आणि मोकळ्या आभाळाचा फोटो. मोठा करून कोपरे बघा. करडे ठिपके म्हणजे धूळ, साफ करून घेता येते, त्यासाठी चार-पाचशे कमी मागा. सरळ रेघ दिसली तर ओरखडा, त्याला इलाज नाही. मग लेन्सला झाकण लावून एक सेकंदाचा फोटो (फोकस मॅन्युअलवरच, नाहीतर क्लिक होत नाही). काळ्यात एक-दोन रंगीत ठिपके चालतात, तारांगण चालत नाही.

बाकी भराभर: कार्डाच्या खाचेतल्या पिना सरळ आहेत का, सगळी बटणं आणि चक्रं एकेकदा फिरवून, अंगचा फ्लॅश उघडून पेटवून, झूम फिरवताना आत करकर वाजतं का. बॅटरी टेबलावर ठेवून भोवऱ्यासारखी फिरवा. गरगर फिरली म्हणजे ती फुगलीय.

> तपासा: काढलेले सगळे फोटो तुमच्या कार्डावर आहेत ना? घरी जाऊन मोठ्या स्क्रीनवर बघा. 'उद्या सकाळी सांगतो' म्हणायला संकोच करू नका. उद्यापर्यंत थांबणार नाही म्हणणाऱ्याला आजच सोडा.

७. पैसे आणि कागद

बॉडीच्या तळाचा सीरियल नंबर बिलाशी आणि खोक्याशी जुळवा. बिल हरवलं असेल तर साध्या कागदावर विकणाऱ्याचं नाव, सीरियल नंबर, रक्कम, तारीख आणि सही घ्या. पैसे यूपीआयनं द्या म्हणजे नोंद राहते. दुकानदार 'आठ दिवसांत काही निघालं तर बघू' म्हणाला तर ते आठ दिवस पावतीवर लिहून घ्या. तो चिडणार नाही. चिडला तर तुमचं उत्तर मिळालं.

मूळ चार्जर विसरू नका. बॅटरीचा प्रकार मॉडेलप्रमाणं बदलतो: १३००डी आणि १५००डी ला एलपी-ई१०, २००डी ला एलपी-ई१७, निकॉनच्या डी३३०० पासून डी५६०० पर्यंत ईएन-ईएल१४ए. जादा बॅटरी मागवताना हेच नाव सांगा.

८. घरी आणल्यावर

आधी चामड्याची किंवा फोमची पिशवी कपाटात ठेवायचा मोह आवरा. चामडं ओल धरतं, आणि जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या हवेत फंगसला एवढं पुरतं. स्वयंपाकघरातला रबर लावलेला हवाबंद डबा घ्या, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या, वर कॅमेरा आणि लेन्स सुट्या. दोन-तीनशेचा आर्द्रता मोजणारा काटा डब्यात टाका. तो ४० ते ५० च्या दरम्यान हवा, ६० च्या वर गेला की जेल बदला. निळे दाणे गुलाबी किंवा केशरी दाणे हिरवट झाले म्हणजे त्यांनी पाणी प्यायलं. जुन्या कढईत मंद आचेवर भाजले की परत कोरडे होतात, पण त्या कढईत पुन्हा भाजी करू नका.

डबा आठवड्यातून एकदा उघडा आणि कॅमेरा वापरा. बंद पडून राहिलेल्या लेन्सलाच फंगस आधी धरतो.

जोतिबाच्या चैत्र यात्रेला नेणार असाल तर लेन्स घरीच लावून निघा आणि डोंगरावर बदलू नका. झूम आतबाहेर होते तेव्हा हवेसोबत गुलालही आत ओढते. जाड पॉलिथिनच्या पिशवीला लेन्सपुरतं भोक पाडून रबर बँडनं बांधा, पुढं साधा यूव्ही फिल्टर लावा. परत आल्यावर काचेला कापड लावायच्या आधी ब्लोअर मारा, तोही कॅमेरा तोंड खाली करून. गुलाल पुसायला गेलं की पसरतो, आणि खाचेत एकदा बसला की पुढच्या यात्रेपर्यंत निघत राहतो. माझ्या झूमच्या रिंगेतून अजून येतोय.